नेम माझा, पाय कोणाचे?

एकादशीचे कीर्तन आटोपून आम्ही चारसहा मंडळी देवळाच्या ओवरीत बसलो होतो. एका वयोवृद्ध माळकरी गृहस्थांनी माझ्या पायांकडे पाहून विचारले, "गुरुजी, दोन्ही पायांना चाकू लावून घेतलात म्हणे. खरं का?" मी होय म्हटले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "राग मानू नका. पण वारकऱ्यानं पाय दुखतात म्हणून डॉक्टरच्या दारात जावं, हे काही मनाला पटत नाही. देह भोगासाठीच आहे. आलेला भोग भोगून संपवावा, त्यात तुमचा-आमचा हात कशाला?"

त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांनी मनापासून विचारले होते, म्हणून मलाही मनापासून उत्तर देणे भाग होते. तेव्हा दोन शब्द बोलून मी वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर विचार करू लागलो तो असे दिसले, की या प्रश्नाला तीन पदर आहेत. देहाला जपणे ही देहबुद्धी आहे की तेही धर्मात बसते, हा पहिला. उपचारासाठी वारीचा नेम मोडावा लागला तर तो दोष होय की नव्हे, हा दुसरा. तिसरा पदर त्या गृहस्थांनी विचारला नव्हता, आणि मलाही तो फार उशिरा दिसला. खरे सांगायचे तर त्या तिसऱ्यासाठीच हा लेख लिहावयास बसलो आहे. पण आधी पहिले दोन.

दुखणे काय होते ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या दिंड्यांतून चालणाऱ्या पुष्कळ जणांना, विशेषतः बायकांना, ते असते, आणि त्याला दुखणे म्हणतात हेच त्यांना माहीत नसते. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, आतल्या अंगाला, हाडाचे टेंगूळ आल्यासारखे दिसते आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो. पुढे पुढे तर तो त्या बोटाच्या खाली शिरतो नाहीतर वर चढून बसतो. डॉक्टरांनी याचे इंग्रजी नाव सांगितले ते 'बनियन'. मी म्हटले, "साहेब, बनियन तर मी अंगात घातला आहे!" ते हसले आणि म्हणाले, "हा पायातला, गुरुजी. हा काढायला अवघड."

लोक समजतात हाड वाढले. वास्तविक बहुतेक वेळा ते वाढलेले नसते, सरकलेले असते. पावलात अंगठ्याच्या मागे जे लांब हाड आहे ते आतल्या बाजूला ढळते, अंगठा उलट दिशेने बाहेरच्या बोटांकडे वळतो, आणि दोहोंचा जो सांधा त्याचा कोपरा बाहेर येतो. एखाद्या तुळईचा सांधा निसटावा तसे ते आहे. उभे राहून एक्स-रे काढतात, म्हणजे अंगाचा भार पडला असता हाडे कशी बसतात ते कळते. अंगठ्याचा हा कल पंधरा अंशांच्या आत असला तर ठीक मानतात. माझ्या उजव्या पायाचा छत्तीस आणि डाव्याचा बत्तीस भरला.

कारणे दोन सांगतात. एक म्हणजे पायाची जन्मजात ठेवण, जी घराण्यातून येते. दुसरे, निमुळत्या टोकाची घट्ट पादत्राणे. 1965 साली सेंट हेलेना नावाच्या एका दूरच्या बेटावर याची पाहणी झाली. त्या बेटावर काही लोक बूट घालीत आणि काही अनवाणी राहात, म्हणून तुलना करणे सोपे गेले. बूट घालणाऱ्यांत हा दोष पुष्कळ अधिक आढळला. परंतु अनवाणी राहणाऱ्यांतही तो थोड्यांना होताच. हे ऐकले आणि मला माझ्या आईचे पाय आठवले. आईने जन्मभर पायात काही घातले नाही. डोईवर तुळस घेऊन ती वारीला चाले, आणि तिचे दोन्ही अंगठे असेच वाकडे होते. रात्री मुक्कामाला ती पावलाला तेल चोळून, जुन्या लुगड्याची चिंधी अंगठ्यात आणि बोटात कोंबून निजे. "काय झालं आई?" म्हटले तर म्हणे, "काय न्हाई रं, आमच्या माहेरचे पायच असले." तिला वैद्य नव्हता, पैसा नव्हता आणि पर्यायही नव्हता. तिने सोसले यात तिची थोरवी आहे. पण तिला सोसावे लागले, म्हणून पर्याय असताना मीही सोसलेच पाहिजे, असे त्यातून निघत नाही.

आता पहिला पदर. देह नाशिवंत आहे हे आपण रोज ऐकतो आणि रोज गातो. ते खरेच आहे. परंतु आपल्या संतांनी देहाची निंदा केली ती देहाला धनी करून बसणाऱ्यांसाठी केली. त्याच संतांनी नरदेहाची महतीही गायिली, कारण नाम घ्यायला तोंड लागते, टाळी वाजवायला हात लागतात आणि वाट चालायला पाय लागतात. आपला संप्रदाय खिळ्यांवर निजण्याचा नव्हे, एका पायावर उभे राहून तप करण्याचाही नव्हे. इथे देहाला मुद्दाम पीडा देऊन देव मिळतो असे कोणी शिकवले नाही. मग आपोआप आलेली पीडा मुद्दाम जतन करण्यात कसले पुण्य?

आमच्या दिंडीतला पखवाजी रोज भजनाआधी डाव्या पुडीला कणीक लावतो, गठ्ठे ठोकून सूर मिळवतो. पुडी फाटली तर नवी चढवतो. 'पखवाजाचा भोगच असा, तो भोगू दे' असे म्हणून बेसूर पखवाज कोणी कीर्तनात वाजवलेला मी ऐकला नाही. वीणेची तार सैल झाली तर ओढून घेतातच. देह हे भजनाचे वाद्य असेल तर ते सुरात ठेवणे हे वाजवणाराचे काम आहे. आणि प्रारब्धच म्हणायचे, तर दुखणे तेवढे प्रारब्धाचे आणि डॉक्टर भेटला तो मात्र प्रारब्धाबाहेरचा, हा कुठला न्याय? दोन्ही एकाच हाताने दिलेले आहे.

अर्थात याला मर्यादा आहे, ती डॉक्टरांनीच घातली. ते म्हणाले, "पाय दिसायला बरा व्हावा म्हणून मी कधी हे करीत नाही. दुखत नसेल तर वाकडा अंगठा वाकडाच राहू द्या." आधी त्यांनी मला रुंद पुढ्याची पादत्राणे, आत मऊ तळ आणि अंगठ्याच्या बेचक्यात ठेवायची गादी, यांवर वर्षभर ठेवले. याने हाड सरळ होत नाही, पण पुष्कळांचे दुखणे भागते आणि कापण्याची वेळच येत नाही. माझे भागले नाही. 2022 ची वारी मी दुसऱ्या बोटावर भार टाकीत केली. 2023 च्या वारीत वाल्ह्याच्या पुढे अशी गत झाली, की नामाकडे चित्त लागेना. सारे चित्त अंगठ्याकडे. टाळ वाजतो आहे, ओठ हलताहेत आणि आत एकच जप चालू: पुढचा मुक्काम केव्हा येतो, पुढचा मुक्काम केव्हा येतो. देहबुद्धी देहबुद्धी म्हणतात ती हीच की. ज्या दुखण्याने मनुष्य आठ प्रहर देहाचे चिंतन करू लागतो ते दुखणे घालवणे म्हणजे देहाचे लाड नव्हेत. म्हणून शस्त्रक्रिया करायची असे ठरले, आणि या निर्णयाबद्दल आजही मला खंत नाही.

याच ओघात एक गोष्ट कबूल करतो. "तंबाखू?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी खाली पाहिले. गळ्यात माळ, मद्य-मांस आयुष्यात शिवलो नाही, पण बंडीच्या खिशात चंची होती. तंबाखूच्या व्यसनाने कापलेले हाड सांधायला उशीर लागतो, म्हणून ती आधी सोडा आणि मग या, असे त्यांनी सांगितले. माळ घालून इतकी वर्षे झाली, पण ती चंची सुटली नव्हती, अंगठ्याने सोडवली. आपल्या दिंड्यांत अशा किती चंच्या आहेत, ते ज्याचे त्याने पाहावे.

दुसरा पदर नेमाचा. माझी पायी वारी तीस वर्षांवर चाललेली. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवेघाटाची चढण, अठरा-वीस दिवसांची चाल. डॉक्टरांनी सांगितले की कापलेले हाड सांधायला सहा आठवडे लागतात, मोकळेपणी चालायला तीन महिने, आणि सूज तर सहा महिने, कोणाकोणाची वर्षभरही राहते. एका वेळी एक पाय केला तर दुसरा आधाराला असतो. पण मग दोन पायांना दोन हंगाम आणि कदाचित दोन आषाढी. दोन्ही एकदम केले तर एकच खाडा, किंवा देवाने मनात आणले तर तोही नाही. मी बोटांवर हिशेब केला. 2023 ची कार्तिकी करून मार्गशीर्षात शस्त्रक्रिया, म्हणजे प्रस्थानापर्यंत सहा महिने हाती. मी म्हटले, "दोन्ही एकदम करा."

डॉक्टर म्हणाले, "घरी करणारं कोण आहे?"

मी म्हटले, "सून आहे." आणि विषय संपला.

हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. तिसरा पदर इथेच दडलेला आहे, आणि मी तो तेव्हा पाहिला नाही.

मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. मी जागा होतो. पडद्यापलीकडे करवतीचा बारीक आवाज येत होता, लाकडावर चालावी तसा, आणि ते लाकूड आपणच आहोत हे बुद्धीला कळत असून अंगाला कळत नव्हते. देह वेगळा आणि आपण वेगळे, यावर मी किती निरूपणे ऐकली असतील! त्या तासाभरात ते अनुभवास आले. पण खोटे कशाला बोलू, तो ज्ञानाचा प्रभाव नव्हता, औषधाचा होता. रात्री औषध उतरले आणि देह नि मी पुन्हा एक झालो. असो. हाड कापून, सरकवून, स्क्रूने बसवले होते. दोन्ही पावलांना जाड पट्ट्या.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच, उशांवर. एक पाय केलेला मनुष्य कुबडी घेऊन लंगडत तरी जातो. दोन्ही पाय केलेला मनुष्य म्हणजे पाळण्यातले मूल. टाचेवर भार देऊन, कडक तळाचे बूट घालून, वॉकर धरून मोरीपर्यंत जाण्याची मुभा होती, पण पहिले आठ दिवस तेही झेपेना. खाटेशेजारी भांडे ठेवावे लागले. जन्मभर शाळामास्तर म्हणून मान घेतला, दिंडीत पुढच्या ओळीत चाललो, आणि आता सून भांडे घेऊन येते नि मी भिंतीकडे तोंड करतो. चौदाव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरांनी रोज कोमट पाण्याने पाय पुसून बोटांचा व्यायाम करायला सांगितले. मला वाकता येईना. सूनबाईने घमेल्यात पाणी आणले आणि माझ्या पावलाला हात घातला तसा मी पाय मागे ओढला.

"राहू दे. तू पायाला हात लावू नकोस."

ती म्हणाली, "मामा, दिंडीत तर तुमी समद्यांच्या पायाला हात लावता, समदी तुमच्या लावत्यात. मंग माजाच का नको?"

मला उत्तर सुचेना. वारीत आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. लहान-थोर पाहात नाही, जात पाहात नाही. तेव्हा पाय पुढे करताना मला कधी लाज वाटली नाही, कारण तिथे मीही वाकतो. देवघेव बरोबरीची असते. इथे मी नुसता घेणारा होतो. द्यायची सवय असलेल्या माणसाला घेणे फार जड जाते, आणि तो त्याला विनय समजतो. ती विनयाच्या वेषातली ऐट असते.

आपल्या संप्रदायाचे मूळ पुंडलिकाच्या कथेत आहे. पुंडलीक आईबापांचे पाय चेपीत होता, म्हणून त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. ही कथा आपण नेहमी पुंडलिकाच्या बाजूने सांगतो. परंतु त्या खाटेवर पडल्या पडल्या मला प्रथमच त्याचे आईबाप दिसले. त्यांनी 'राहू दे' म्हणून पाय आखडते घेतले असते तर? सेवा घेणारा कोणी होता म्हणून सेवा करणारा झाला, आणि करणारा होता म्हणून परमात्मा विटेवर उभा राहिला. निमूटपणे, उपकृत मनाने सेवा घेणे हाही एक धर्म आहे, आणि तो आपल्याला कोणी शिकवीत नाही. मी पाय पुढे केला.

लेख इथे संपवला असता तर गोड झाला असता. पण त्यानंतर चारपाच दिवसांनी जे घडले ते सांगितले पाहिजे.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दुपारी मला डोळा लागला आहे असे समजून सूनबाई पडवीत आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. बहिणीच्या घरी काही कार्य होते, तिकडे हिला जाता येत नव्हते. बहीण रागावली असावी. ही म्हणत होती, "कशी यिऊ गं? दोनी पाय येकदम केल्यात. येकच केला असता तर निदान आपलं आपण उठलं असतं. पर दोनी येकदम केलं म्हंजी वारी चुकत न्हाई ना त्यांची."

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. ऊस किती टन निघाला हे सांगावे तसे सांगत होती. आणि म्हणूनच ते मला लागले. माझी वारी चुकू नये म्हणून मी दोन्ही पाय एकदम कापून घेतले, आणि त्या सहा आठवड्यांचे ओझे जिच्या डोक्यावर ठेवले तिला एका शब्दाने विचारले नव्हते. डॉक्टरांनी विचारले, "करणारं कोण?" मी म्हटले, "सून आहे." दावणीला बैल आहे म्हणावे, तसे म्हटले. दोन लहान मुले, म्हशीची धार, रानातले काम, नवरा पाळीच्या नोकरीवर, आणि वर मी. नेम माझा होता. चालत होती ती.

मग मी मागे वळून पाहू लागलो. तीस वर्षे मी वारी केली म्हणतो. ती अठरा-वीस दिवसांची वारी दर वर्षी पेरणीच्या तोंडावर येते. तेव्हा घरी पेरणी कोणी केली? आधी बायकोने, ती गेल्यावर सुनेने. दशम्या कोणी बांधून दिल्या? त्या दोघी पंढरीला किती वेळा गेल्या? बायको दोनदा, तेही एस.टी.ने. सून एकदाही नाही. माझ्या नावावर जी वारी जमा आहे तिच्यातला निम्मा वाटा दुसऱ्यांच्या खात्याचा, आणि मी तो बिनदिक्कत माझ्या नावावर लावीत आलो. नेमाचा अभिमान हा सर्वांत सात्त्विक दिसणारा अभिमान आहे. म्हणून तो सर्वांत शेवटी सापडतो.

यावर कोणी म्हणेल, मग वारी सोडावी की काय? नव्हे. आळसाला पांघरूण म्हणून हा विचार वापरणाराला मी काही सांगू शकत नाही. ज्याला चालता येते आणि ज्याच्या चालण्याने कोणी चिरडत नाही त्याने चालावेच. परंतु नेम म्हणजे पायांचा हिशेब नव्हे, एवढे आपल्याच परंपरेने किती वेळा सांगितले आहे ते पाहा. सावतोबा अरणला मळ्यातच राहिले. देव त्यांच्याकडे आला. पैठणच्या कूर्मदासाला हात-पाय नव्हते. तो सरपटत पंढरीला निघाला आणि लऊळपर्यंत पोहोचला. तिथून पुढे जाईना, तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीला गेला, अशी कथा आहे. ती मी शंभरदा ऐकली. पण वाटेत ज्याला हात नाहीत त्याच्या मुखी घास कोणी घातला, हे विचारावेसे मला कधी वाटले नव्हते. त्या घास घालणाऱ्यांची नावे कथेत नाहीत. आणि दूर कशाला, 2020 आणि 2021 या दोन साली कोरोनाच्या साथीमुळे माउलींच्या पादुकाच एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. आपण घरी बसून हात जोडले. त्या दोन वर्षांचा खाडा आपल्यापैकी कोणी खाडा धरला काय? एरवीसुद्धा माउलींच्या पादुका रथातून जातात. रथ बैल ओढतात, पालखीला भोई खांदा देतात. प्रत्यक्ष माउली दुसऱ्यांच्या पायांनी चालतात, आणि त्या बैलांचा, त्या भोयांचा आपण केवढा मान ठेवतो! दुसऱ्याच्या पायांनी चालण्यात कमीपणा नाही. ते पाय कोणाचे, हे विसरण्यात आहे.

2024 ची आषाढी आली. उजव्या पायाची सूज दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी अजून चढत असे, अंगठ्याच्या कडेला बधिरता होती. तरी घरापासून देवळापर्यंत मी चालत जात होतो. डॉक्टर म्हणाले, "थोडं चाला, अडीचशे किलोमीटर नको." दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर हट्टाने निघालो असतो. आमचे घर पालखीमार्गावर, फलटणच्या पुढे. मी सूनबाईला म्हटले, "पालखी इथनं पुढं जाते तेव्हा तू दोन मुक्काम चालून ये. पोरं मी बघतो, धार शेजारच्याला सांगितली आहे."

ती आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "पेरणीचं?" मी म्हटले, "चार दिवसांनं पेरू." ती बायकांच्या दिंडीबरोबर बरड आणि तिथून नातेपुतेपर्यंत चालली आणि तिसऱ्या दिवशी एस.टी.ने परत आली. पोरांनी त्या दोन दिवसांत मला असे दमवले, की दिवेघाट परवडला. ती आली तेव्हा मी चुलीवर पाणी तापवून ठेवले होते. तिच्या पायाला हात लावू देणार नव्हतीच, आणि तिला अवघडवणे बरेही नव्हे. मी घमेले तिच्यापुढे ठेवले आणि ओसरीवर जाऊन बसलो. आतून थोड्या वेळाने आवाज आला, "मामा, पाय लई दुखत्यात, पर बरं वाटलं." माझ्या वहीत त्या वर्षी वारी लिहिलेली नाही. पण ती वारी झाली नाही असेही मला म्हणवत नाही.

2025 साली मी सासवडपासून दिंडीत मिळालो. चालवले तेवढे चाललो आणि पाय 'पुरे' म्हणाला तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये बसलो. ट्रकमध्ये पुष्कळ मंडळी असतात. इतकी वर्षे मी रस्त्यावरून त्यांच्याकडे जरा वरूनच पाहात होतो, हेही तिथे बसल्यावर कळले. अंगठे आता सरळ आहेत. उजवा पूर्वीसारखा वाकत नाही, थंडीत ठणकतो. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की पाय नवा होणार नाही, बरा होईल. तसा तो बरा आहे.

ज्यांना हे दुखणे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून रजा घेतो. अंगठा कलू लागला की वेळीच दाखवावा आणि रुंद पादत्राण घालावे. साखरेचे दुखणे असेल तर आधी ते आटोक्यात आणावे, कारण पायाची जखम हा खेळ नव्हे. शस्त्रक्रिया करायचीच झाली तर वारीच्या तोंडावर करू नये. आणि एक पाय की दोन्ही, हे डॉक्टरांना विचारण्याआधी घरात जी व्यक्ती घमेले उचलणार आहे तिला विचारावे. तिचा होकार घेऊन मग दोन्ही करा, खुशाल करा.

त्या वयोवृद्ध गृहस्थांना माझे उत्तर एवढेच. देहाला चाकू लावला याचे पाप मला वाटत नाही, आणि वारी चुकली याचेही वाटत नाही. "सून आहे" म्हणालो, त्याचे वाटते. ते पांडुरंगाच्या पायांवर घातले आहे. पण त्याने मला आधी घरी पाठवले, तिच्याकडे. मी तिला एक दिवस सारे बोलून दाखवले. ती भाकरी थापीत होती. म्हणाली, "आता कशापाई ते, मामा?" आणि तव्यावरची भाकरी उलटली.

न्यूनाधिक लिहिले गेले असल्यास संतसज्जनांनी क्षमा करावी. रामकृष्णहरि.